गोदीकामगारांचा वकील : अर्नेस्ट बेव्हिन

१४ एप्रिल ही तारीख आपल्यासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या जयंतीची. मुंबईशी नाते असलेल्या जुन्या मंडळींना ती आणखी एका कारणाने आठवते. १९४४ साली याच दिवशी दुपारी व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ या जहाजाचा प्रचंड स्फोट झाला. अग्निशमन दलाचे ६६ जण आणि गोदीत व आसपास असलेली शेकडो माणसे त्यात दगावली. पुढे सात वर्षांनी, १९५१ साली, पुन्हा १४ एप्रिललाच लंडनमध्ये अर्नेस्ट बेव्हिन यांचे निधन झाले.

तारखा जुळल्या हा योगायोग. पण बाबासाहेब, मुंबईची गोदी आणि बेव्हिन यांना जोडणारा एक धागा आहे आणि तो योगायोगाचा नाही. बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळत होते. त्यातली बरीच वर्षे ब्रिटनमध्ये तेच खाते बेव्हिन यांच्याकडे होते. आणि स्वतंत्र भारताने १९४८ साली गोदीकामगारांसाठी जो कायदा केला, त्याचे नावसुद्धा ब्रिटनच्या कायद्याशी जुळणारे आहे. त्या कायद्यामागे ज्या माणसाची उभी हयात गेली, तो तरुणपणी ब्रिस्टल शहरात घोडागाडीवरून सोडावॉटरच्या बाटल्या पोचवत असे. त्याचीच ही गोष्ट.

पोरका मुलगा

इंग्लंडच्या नैर्ऋत्येला सॉमरसेट परगण्यात विन्सफर्ड नावाचे लहानसे खेडे आहे. तिथे ९ मार्च १८८१ रोजी अर्नेस्टचा जन्म झाला. वडील कोण हे त्याला कधीच कळले नाही. आई डायना लोकांच्या घरी धुणीभांडी, स्वयंपाक, पडेल ते काम करून मुलांना वाढवत होती. अर्नेस्ट सर्वांत धाकटा. तो आठ वर्षांचा असताना, १८८९ मध्ये आई गेली आणि शेजारच्या डेव्हन परगण्यात राहणाऱ्या सावत्र बहिणीने त्याला आपल्या घरी नेले.

अकराव्या वर्षी शाळा सुटली. एका शेतकऱ्याकडे तो राबू लागला. राहणे-जेवण तिथेच आणि रोख मजुरी आठवड्याला सहा पेन्स. त्या काळचा ब्रिटिश हिशोब आपल्या रुपये-आणे-पैसारखाच होता: बारा पेन्सचा एक शिलिंग आणि वीस शिलिंगांचा एक पौंड. म्हणजे आठवडाभर दगड वेचायचे, जनावरांचा चारा कापायचा, आणि हाती यायचा अर्धा शिलिंग. संध्याकाळी मालकाच्या घरच्यांना वर्तमानपत्र मोठ्याने वाचून दाखवायचे, हेही त्याच्याकडेच असे. अक्षरे जुळवत वाचलेल्या त्या बातम्या हेच त्याचे पुढचे शिक्षण ठरले.

तेरा वर्षांचा झाल्यावर, १८९४ मध्ये, तो ब्रिस्टलला गेला. थोरले भाऊ तिथे कामाला होते. बेकरीच्या भटारखान्यात, मालाच्या गाडीवर पोऱ्या म्हणून, ट्रामवर कंडक्टर म्हणून, अशी एकामागून एक कामे त्याने केली. बरीच सुटली, काहींवरून काढून टाकले गेले. दोन नोकऱ्यांच्या मधल्या दिवसांत खिशात काही नसताना शहरातून हिंडणे काय असते, ते तो याच वयात शिकला.

घोडा, गाडी आणि सोड्याच्या बाटल्या

विसाव्या वर्षी, १९०१ मध्ये, त्याला मनासारखे काम मिळाले. सोडा, लेमोनेड असली पेये तयार करणाऱ्या एका कारखान्याच्या मालगाडीवर तो गाडीवान झाला. सकाळी घोडा जुंपायचा, गाडीत पेट्या रचायच्या, दुकानोदुकानी आणि गुत्त्यांवर त्या उतरवायच्या, रिकाम्या बाटल्या मोजून परत आणायच्या. पगार आठवड्याला १८ शिलिंग आणि विक्रीवर थोडे कमिशन. काम अंगमेहनतीचे होते, पण डोक्यावर सतत उभा राहणारा मुकादम नव्हता. फेरी पुरी झाली की वेळ आपला. तो वेळ बेव्हिन यांनी संध्याकाळच्या वर्गांत, बॅप्टिस्ट मंडळींच्या सभांत आणि पुस्तकांत घालवला. काही काळ त्यांनी प्रवचनेही केली. हजार माणसांना ऐकू जाईल असा आवाज आणि सोप्या शब्दांत मुद्दा पटवण्याची हातोटी त्यांना तिथे लाभली.

धर्मसभेकडून ते हळूहळू समाजवादी मंडळींकडे वळले. १९०८ साली ब्रिस्टलमध्ये बेकारी वाढली, तेव्हा कामाच्या हक्कासाठी स्थापन झालेल्या समितीचे ते चिटणीस झाले. त्या वर्षी नोव्हेंबरात एका रविवारी ते शेकडो बेकारांना घेऊन शहराच्या मोठ्या कॅथीड्रलमध्ये गेले. दंगा नाही, घोषणा नाही. प्रार्थना चालू असताना फाटक्या कपड्यांतली ती माणसे मुकाट्याने आत येऊन उभी राहिली. शहरातल्या प्रतिष्ठितांना जे रोज रस्त्यावर दिसूनही दिसत नव्हते, ते त्या दिवशी देवळात दिसले. ती बाब चर्चेत आली आणि बेकारांसाठी काही कामे काढणे नगरपालिकेला भाग पडले. समोरच्याला आकडे सांगण्याआधी वस्तुस्थिती डोळ्यांपुढे उभी करायची, ही बेव्हिन यांची पद्धत इथे पहिल्यांदा दिसते. बारा वर्षांनी तीच त्यांना देशभर नाव मिळवून देणार होती.

१९१० च्या उन्हाळ्यात ब्रिस्टलजवळच्या एव्हनमथ गोदीत संप झाला. गोदीकामगारांची संघटना होती, गाडीवानांची नव्हती. गोदीतला माल शहरात नेणारे आणि शहरातला गोदीत आणणारे गाडीवानच. त्यांना हाताशी धरून मालकांनी काम चालू ठेवले असते, तर संप तिथेच मोडला असता. गोदीकामगार संघटनेच्या कार्यकर्त्यांनी बेव्हिन यांना गळ घातली, की तुम्ही गाडीवान आहात, तुमच्या लोकांना तुम्हीच एकत्र आणा. ऑगस्टमध्ये गाडीवानांची शाखा गोदीकामगारांच्या संघटनेत उघडली आणि बेव्हिन तिचे अध्यक्ष झाले. पुढच्या वर्षी त्यांनी घोड्याचा लगाम खाली ठेवला आणि संघटनेचे पूर्णवेळ काम पत्करले. तेव्हा त्यांचे वय तीस होते.

दरवाजावरची गर्दी

इथे थोडे थांबून गोदीतले काम त्या काळी कसे चाले ते पाहायला हवे. त्याशिवाय बेव्हिन कशासाठी झगडले ते कळणार नाही.

जहाज कधी येईल हे वाऱ्यावर, भरतीवर आणि व्यापारावर अवलंबून. आज दहा जहाजे, उद्या एकही नाही. म्हणून मालक कायमची माणसे ठेवत नसत. रोज सकाळी आणि पुन्हा दुपारी गोदीच्या दरवाजाशी माणसे गोळा होत. मुकादम बाहेर येई, गर्दीवर नजर फिरवी आणि हवी तेवढी माणसे निवडी. काही ठिकाणी निवडलेल्याच्या हाती पितळी बिल्ला पडे. तो मिळवण्यासाठी माणसे एकमेकांच्या अंगावर चढत. ज्याला बिल्ला मिळाला, त्याला अर्ध्या दिवसाचे काम. ज्याला नाही, त्याने दुपारपर्यंत तिथेच घुटमळायचे. मुकादमाच्या मर्जीतला असला, त्याला कधी दारू पाजली असली, तर नंबर आधी लागे. उलट उत्तर देणारा मागे राही.

म्हणजे दुखणे नुसत्या कमी मजुरीचे नव्हते. वाट पाहण्याचे होते. माल उतरवायला माणूस हवा तेव्हा तो दारात हजर असला पाहिजे, ही गरज मालकाची. पण तो हजर राहण्याचा खर्च मात्र कामगाराच्या बायकापोरांनी उपाशी राहून सोसायचा. लंडनच्या गोदीकामगारांनी १८८९ मध्ये मोठा संप करून तासाला सहा पेन्सचा दर मिळवला होता. त्या विजयातून बेन टिलेट यांची संघटना मोठी झाली. दर वाढला, तरी दरवाजावरची गर्दी तशीच राहिली.

गाडीवान म्हणून बेव्हिन यांचा पगार तुटपुंजा होता, पण शनिवारी तो हाती पडणार हे ठरलेले असे. बाहेर उभ्या असलेल्या माणसाला तेवढेही ठरलेले नव्हते. आपल्यात आणि त्याच्यात फरक तेवढाच आहे, हे त्यांनी गाडीच्या बैठकीवरून रोज पाहिले होते.

पाच ताटल्या

पहिल्या महायुद्धानंतर महागाई भडकली. गोदीकामगारांनी देशभर एकच मागणी केली : दिवसाला किमान १६ शिलिंग. संप टाळण्यासाठी सरकारने १९२० च्या फेब्रुवारीत लॉर्ड शॉ यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी न्यायालय बसवले. मालकांची बाजू सर लिंडन मॅकासी या नामांकित बॅरिस्टरांनी मांडली. कामगारांच्या बाजूने अकराव्या वर्षी शाळा सोडलेले बेव्हिन उभे राहिले.

त्यांचे सुरुवातीचे भाषण तीन दिवसांत मिळून अकरा तास चालले. जहाज कंपन्यांचा नफा, धान्याच्या पोत्यांचे वजन, खोलीचे भाडे, पोरांच्या बुटांची किंमत, सारे त्यात होते. पुढे मालकांच्या बाजूने अर्थशास्त्रज्ञ आर्थर बाउली यांची साक्ष झाली. गोदीकामगाराच्या पाच माणसांच्या कुटुंबाला आठवड्याला किती पुरते, याचा हिशोब त्यांनी मांडला. कागदावर त्यात चूक काढणे सोपे नव्हते.

बेव्हिन यांनी कागदावर वाद घातला नाही. आपल्या चिटणीस बाईंना घेऊन ते पूर्व लंडनच्या बाजारात गेले आणि त्या हिशोबात बसेल तेवढेच सामान विकत घेतले. ते शिजवले, पाच जणांचे वाटे केले आणि दुसऱ्या दिवशी ताटल्या न्यायालयात मांडल्या. प्रत्येक ताटलीत बेकनचे, माशाचे, चीजचे इवलेसे तुकडे. मग त्यांनी प्राध्यापकांना विचारले, की दिवसभर पाठीवर गव्हाची पोती वाहणाऱ्या माणसाला एवढे पुरेल का? आणि तुम्ही स्वतः कधी असे ओझे वाहिले आहे का?

वर्तमानपत्रांनी ते दृश्य घरोघर पोचवले. ब्रिटनमध्ये नामवंत वकिलांना राजाचे वकील म्हणून के. सी. ही पदवी मिळते. लोकांनी बेव्हिन यांना गोदीकामगारांचे के. सी. म्हणायला सुरुवात केली आणि ते नाव जन्मभर चिकटले.

न्यायालयाने बहुमताने १६ शिलिंगांची आणि आठवड्याला ४४ तासांची शिफारस केली. त्याहून महत्त्वाचे म्हणजे दरवाजावरच्या निवडीची पद्धत वाईट आहे हे त्याने स्पष्ट म्हटले. कामगारांची नोंदणी करावी आणि काम नसेल त्या दिवशी त्यांच्या निर्वाहाची सोय करावी, असे सुचवले. मजुरी मालकांनी मान्य केली. निर्वाहाची शिफारस मात्र अहवालातच राहिली. पुढच्या मंदीत ती मजुरीही टप्प्याटप्प्याने कापली गेली. १९२४ च्या संपात दिवसाला दोन शिलिंगांची वाढ परत मिळवावी लागली. जोवर गर्दी आहे, तोवर दर टिकत नाही, हा धडा बेव्हिन यांनी मनात ठेवला.

विखुरलेल्यांची मोट

त्या काळी वाहतूक क्षेत्रात डझनावारी संघटना होत्या. एका बंदरात एक, दुसऱ्यात दुसरी. गाडीवानांच्या वेगळ्या, ट्रामवाल्यांच्या वेगळ्या. एक संपावर गेली की दुसरीची माणसे तो माल उचलत. बेव्हिन यांनी वर्षभर गावोगाव फिरून, नेत्यांचे मानापमान सांभाळून १४ संघटना एकत्र आणल्या. १ जानेवारी १९२२ रोजी सुमारे तीन लाख सभासदांची परिवहन व सर्वसाधारण कामगार संघटना उभी राहिली. बेव्हिन तिचे सरचिटणीस झाले.

तिची घडण मोठी विचारपूर्वक केलेली होती. गोदीकामगार, बसचालक, मालवाहतुकीचे गाडीवान व लॉरीचालक अशा प्रत्येक धंद्याचा स्वतंत्र गट आणि त्याची स्वतःची समिती. त्यामुळे बसवाल्यांचे प्रश्न गोदीवाले ठरवत नसत. पण तिजोरी एक आणि अंतिम निर्णय घेणारे मंडळही एक. पुढच्या दीड दशकात ती ब्रिटनमधली सर्वांत मोठी कामगार संघटना बनली.

घोड्यांच्या जागी लॉऱ्या आल्या होत्या. झोप डोळ्यांवर घेऊन रात्ररात्र लॉरी हाकणाऱ्या चालकांचा प्रश्न नवा होता. १९३० च्या रस्ते वाहतूक कायद्याने सलग साडेपाच तासांपेक्षा आणि २४ तासांत ११ तासांपेक्षा जास्त गाडी चालवण्यावर बंदी आली. १९३८ च्या कायद्याने मालवाहू चालकांच्या मजुरीलाही आधार मिळाला. त्याच वर्षी पगारी सुट्ट्यांचा कायदा झाला. त्याआधीच्या चौकशी समितीवर बेव्हिन होते.

हे सांगताना त्यांची दुसरी बाजू झाकण्याचे कारण नाही. बेव्हिन स्वभावाने हुकमी होते. विरोध त्यांना खपत नसे आणि संघटनेच्या लाखो मतांचा गठ्ठा ते परिषदांत एकहाती टाकत. १९३५ मध्ये मजूर पक्षाच्या परिषदेत त्यांनी वयोवृद्ध शांततावादी नेते जॉर्ज लॅन्सबरी यांच्यावर इतका कठोर हल्ला केला, की त्यांच्या मित्रांनाही तो रुचला नाही. हिटलरसमोर नि:शस्त्र राहणे हा कामगारांचा घात आहे, हे त्यांचे म्हणणे काळाने खरे ठरवले. पण म्हातारा माणूस त्या दिवशी घायाळ झाला तो झालाच. काही दिवसांतच लॅन्सबरी यांनी नेतेपद सोडले.

हजेरीचा पैसा

मे १९४० मध्ये चर्चिल पंतप्रधान झाले आणि त्यांनी बेव्हिन यांना मजूर व राष्ट्रीय सेवा मंत्री केले. ते तोवर खासदारही नव्हते. जूनमध्ये लंडनच्या एका मतदारसंघातून ते बिनविरोध निवडून आले. देशातल्या कोणत्याही माणसाला कोणत्याही कामावर पाठवण्याचा अधिकार संसदेने त्यांच्या हाती दिला. अशी सत्ता ब्रिटनमध्ये शांततेच्या काळात कोणाला मिळाली नसती.

त्या सत्तेचा गोदीवर काय परिणाम झाला ते पाहण्यासारखे आहे. जर्मन बॉम्बहल्ल्यांमुळे लंडनकडे येणारी जहाजे पश्चिम किनाऱ्यावरच्या लिव्हरपूल आणि क्लाइडच्या बंदरांकडे वळवावी लागली. तिथे माल उतरवायला माणसे कमी पडू लागली. अन्न आणि शस्त्रे घेऊन आलेली जहाजे खोळंबली. कामगारांना एका बंदरातून दुसऱ्या बंदरात हलवणे गरजेचे होते. पण ज्याला उद्याच्या मजुरीचीही खात्री नाही, तो घर सोडून परक्या गावी का जाईल?

बेव्हिन यांनी १९२० ची शिफारस बाहेर काढली. आधी सक्तीची नोंदणी झाली. १९४१ मध्ये पश्चिमेच्या बंदरांत हमीच्या वेतनाची योजना आली. इतर बंदरांसाठी राष्ट्रीय गोदी श्रम महामंडळ स्थापन झाले. नोंदणी झालेला कामगार ठरल्या वेळी हजर झाला आणि काम निघाले नाही, तरी त्याला हजेरीचा पैसा मिळू लागला. वाट पाहण्याची किंमत पहिल्यांदाच कामगाराऐवजी धंद्याने मोजली.

बदल्यात कामगारानेही काही सोडले. सांगितले त्या कामावर जायचे, सांगितले त्या बंदरात जायचे, विनापरवानगी गैरहजर राहायचे नाही. अनेकांना ते जाचक वाटले. मनात आले तर एखादा दिवस कामावर न जाणे, ही त्या बेभरवशाच्या जगण्यातली एकच मोकळीक होती आणि तीही गेली. खात्री आणि मोकळीक यांतले काय निवडावे, हा वाद त्या दिवसापासून आजपर्यंत चालू आहे. बेव्हिन यांचे मत खात्रीच्या बाजूचे होते. सहा पेन्सवर राबलेल्या माणसाचे ते असणारच.

याच सत्तेतून दुसरेही निर्णय झाले. अविवाहित तरुणींना युद्धसेवेत बोलावले गेले. १९४३ च्या डिसेंबरपासून सैन्यभरतीच्या वयाच्या तरुणांतून चिठ्ठ्या काढून दहातला एक कोळशाच्या खाणीत धाडला जाऊ लागला. सैनिक व्हायला निघालेल्या त्या पोरांना लोक बेव्हिन बॉइज म्हणत. गणवेश नाही, पदक नाही, उलट पळपुटे समजून टोमणे. त्यांच्या सेवेची दखल घ्यायला देशाला कित्येक दशके लागली.

भारताशी संबंध आला तोही याच खात्यातून. १९४१ पासून भारतातील तरुण कारागीर तुकड्यातुकड्यांनी ब्रिटनला नेले जाऊ लागले. तिथल्या प्रशिक्षण केंद्रांत आणि कारखान्यांत त्यांनी काम शिकायचे, कामगार वस्तीत राहायचे आणि तिथल्या कामगार संघटना कशा चालतात तेही पाहायचे, अशी ती योजना. या तरुणांना बेव्हिन ट्रेनी हे नाव पडले. बाबासाहेबांनी मजूर खाते हाती घेतले तेव्हा योजना चालू होती आणि त्यांच्या काळातही ती चालली.

परराष्ट्र खात्यात

१९४५ मध्ये मजूर पक्ष सत्तेवर आला आणि ॲटली यांनी बेव्हिन यांना परराष्ट्रमंत्री केले. पुढची सहा वर्षे जगाच्या राजकारणाची आहेत. अमेरिकेने युरोपला मदत देऊ केली, तेव्हा ती संधी पकडून मार्शल योजना उभी करण्यात त्यांचा पुढाकार होता. १९४९ च्या नाटो करारावर ब्रिटनच्या वतीने त्यांची सही आहे. पॅलेस्टाइनचा प्रश्न मात्र त्यांना सुटला नाही. त्याचा ठपका त्यांच्यावर आजही येतो.

भारताच्या बाबतीतही त्यांची भूमिका आपल्याला सुखावणारी नव्हती. जानेवारी १९४७ मध्ये, भारत सोडण्याची तारीख जाहीर करण्याच्या विचाराला त्यांनी ॲटली यांच्याकडे लेखी विरोध केला. साम्राज्य असे गुंडाळले तर जगात ब्रिटनचे वजन राहणार नाही, ही त्यांची धास्ती. ॲटली यांनी ते ऐकले नाही आणि फेब्रुवारीत घोषणा झाली. आपल्या देशातल्या मजुराची लाचारी ज्याला इतकी सलत होती, त्याला परक्या सत्तेखालच्या देशाची घाई कळली नाही, ही त्यांची मर्यादा होती आणि ती नोंदवली पाहिजे.

त्यांचे जुने काम दरम्यान पुढे जात होते. युद्धकाळातील व्यवस्था मोडू नये म्हणून १९४६ मध्ये संसदेने गोदीकामगार रोजगार नियमन कायदा केला आणि १९४७ मध्ये त्याखाली राष्ट्रीय योजना सुरू झाली. मालक आणि कामगार संघटना यांचे निम्मे-निम्मे प्रतिनिधी असलेले मंडळ, दोघांचीही नोंदणी, आणि हजेरीच्या पैशाची हमी. गोदीतले तंटे त्याने संपले नाहीत. बेव्हिन यांनीच बांधलेल्या संघटनेला न विचारता गोदीकामगारांनी त्या वर्षांत संप केले, आणि बेव्हिन ज्यात मंत्री होते त्याच सरकारने माल उतरवायला सैनिक लावले. तरीही दरवाजावरच्या जुन्या झोंबाझोंबीकडे परत जावे, असे कोणी म्हटले नाही. ती योजना १९८९ पर्यंत टिकली. तोवर कंटेनर आले होते आणि पाठीवरची पोती जवळजवळ नाहीशी झाली होती.

हृदयविकाराने बेव्हिन खंगत गेले. ९ मार्च १९५१ रोजी, सत्तराव्या वाढदिवशीच, त्यांना परराष्ट्र खाते सोडावे लागले. पाच आठवड्यांनी ते गेले. त्यांच्या अस्थी लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीमध्ये आहेत, जिथे राजे आणि सेनापती विसावले आहेत.

आपल्या बाजारपेठेपर्यंत

मुंबईच्या गोदीतही चित्र फार वेगळे नव्हते. घाटावरून, कोकणातून, गोव्यातून आलेली माणसे टोळीवाल्यांच्या आणि मुकादमांच्या मर्जीवर काम मिळवत. व्हिटली आयोगाने १९३१ मध्येच बंदरांतल्या मजुरांची नोंदणी करण्याची शिफारस केली होती. स्वातंत्र्यानंतर, जगजीवन राम मजूरमंत्री असताना, १९४८ मध्ये गोदीकामगार (रोजगार नियमन) कायदा झाला. १९५१ मध्ये, म्हणजे बेव्हिन यांच्या मृत्यूच्या वर्षी, त्याखाली मुंबईची योजना आली. गोव्यात मार्मागोवा बंदरासाठी ती १९६५ मध्ये लागू झाली. नोंदणी, पाळीने काम, आणि हजर राहूनही काम न निघाल्यास ठरलेला पैसा, ही तत्त्वे तीच.

तिथून हा विचार गोदीच्या भिंतीबाहेर पडला. अण्णासाहेब पाटील यांच्या नेतृत्वाखाली लढलेल्या माथाडी कामगारांसाठी महाराष्ट्राने १९६९ मध्ये कायदा केला. व्यापाऱ्याने मजुरी आणि वरची ठरलेली रक्कम मंडळाकडे भरायची आणि मंडळाने कामगाराला पगार, भविष्यनिर्वाह निधी, बोनस, औषधपाणी द्यायचे, अशी ती व्यवस्था. दहा वर्षांनी, १९७९ मध्ये, गुजरातनेही असंरक्षित अंगमेहनती कामगारांसाठी कायदा केला. वडोदऱ्याच्या बाजारात पाठीवर पोते घेऊन जाणारा हमाल आणि ब्रिस्टलचा तो गाडीवान यांच्यामध्ये अशा एकेका कायद्याची पायरी आहे.

आपण राहतो त्या प्रत्येक शहरात सकाळी एखाद्या नाक्यावर मजूर उभे असतात. टेम्पो उभा करून भाड्याची वाट पाहणारे चालक असतात. हल्ली मोबाइलवर ऑर्डर कधी वाजते याकडे डोळे लावून दुचाकीवर बसलेली तरुण मुलेही असतात. काम मिळाले की पैसे, नाही मिळाले तर दिवस वाया. बेव्हिन यांनी ज्या गर्दीकडे गाडीवरून पाहिले तीच ही गर्दी, फक्त पितळी बिल्ल्याची जागा दुसऱ्या कशाने तरी घेतली आहे. त्यांच्या वाट पाहण्याचा खर्च कोणी सोसायचा, हा प्रश्न त्यांनी आयुष्यभर विचारला. पुढच्या १४ एप्रिलला, जयंतीची मिरवणूक एखाद्या मजूर नाक्यावरून जाईल, तेव्हा या माणसाचीही आठवण व्हावी.